चेहऱ्यापुढची ढाल : लहान कारखान्यांतील सुरक्षासाधनांची डोळस निवड

औद्योगिक प्रगतीचे मोजमाप आपण साधारणपणे उत्पादन, गुंतवणूक, निर्यात आणि रोजगार या आकड्यांनी करतो. जे हात राबतात त्यांची गणना रोजगारात होते. परंतु हे हात ज्या डोळ्यांच्या भरवशावर चालतात, त्या डोळ्यांची काळजी हा विकासाच्या हिशेबातील विषय आहे असे आपल्याला सहसा वाटत नाही. ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कीस, आम्लाच्या टाकीतून उसळलेला थेंब किंवा भट्टीजवळ उडालेली वितळलेल्या धातूची ठिणगी यांमुळे कुशल कारागिराचे आयुष्य क्षणार्धात बदलते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याने मिळवलेले कौशल्य हे देशाचेही भांडवल असते. डोळ्याबरोबर ते भांडवलही नष्ट होते.

प्रस्तुत लेखात काही शे रुपयांपासून मिळणाऱ्या एका साध्या साधनाचा विचार केला आहे. ते साधन म्हणजे चेहऱ्यापुढची पारदर्शक ढाल, अर्थात फेस शील्ड. या साधनाविषयी तीन गैरसमज सर्वत्र आढळतात. पारदर्शक दिसणाऱ्या सगळ्या ढाली सारख्याच असतात, हा पहिला. ढाल लावली की चष्म्याची वा गॉगलची गरज उरत नाही, हा दुसरा. आणि ढाल दिली की मालकाची जबाबदारी संपते, हा तिसरा. हे तिन्ही समज चुकीचे आहेत आणि तिन्हींची किंमत अखेर कामगाराला मोजावी लागते.

प्रश्नाची व्याप्ती

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, तर अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य व मानवोचित असावी, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. या तत्त्वांना अनुरूप तरतूद कायद्यात त्याआधीपासून होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ अन्वये, ज्या प्रक्रियेत कण वा तुकडे उडून किंवा प्रखर प्रकाशामुळे डोळ्यांना इजा होण्याचा धोका असेल, तेथे परिणामकारक पडदे किंवा योग्य गॉगल पुरवण्याचे बंधन राज्य सरकारांना नियमांद्वारे घालता येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि या विषयाची चौकट व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आली. सुरक्षिततेसाठी पुरवलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कर्मचाऱ्याकडून घेता येणार नाही, हे तत्त्व या संहितेत आहे.

तथापि, कायद्याचा हात कोठपर्यंत पोहोचतो हे पाहणे आवश्यक आहे. संहितेतील आस्थापनेची व्याख्या सामान्यतः १० किंवा अधिक कामगारांपासून सुरू होते. विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी २० आणि विजेविना चालणारा ठरण्यासाठी ४० कामगार लागतात. याउलट देशातील बिगर-कृषी असंघटित उद्योगांच्या २०२३-२४ च्या वार्षिक सर्वेक्षणानुसार अशा आस्थापनांची संख्या ७.३४ कोटी आणि त्यांत काम करणाऱ्यांची संख्या १२.०६ कोटी होती. म्हणजेच एका आस्थापनेत सरासरी दोन माणसेही काम करीत नाहीत. यात दुकाने व सेवाव्यवसायही आहेत हे खरे. परंतु फॅब्रिकेशनची शेड, गॅरेज, सुतारकाम, पॉलिशिंग, कल्हई व प्लेटिंग करणारी असंख्य ठिकाणे यातच मोडतात. तेथे निरीक्षक जात नाही आणि सुरक्षा अधिकारी नेमलेला नसतो. साधनाची निवड मालक किंवा कारागीर स्वतःच करतो आणि तीही बहुधा हार्डवेअरच्या दुकानात, भाव विचारून. म्हणूनच निवडीचे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

ढाल काय करते आणि काय करत नाही

सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. प्रथम धोकादायक प्रक्रियाच टाळता येईल का ते पाहावे. ते शक्य नसेल तर कमी धोक्याची प्रक्रिया वा पदार्थ वापरावा. त्यानंतर यंत्राला आवरण, आडपडदा, धूर-धूळ खेचणारा पंखा असे तांत्रिक उपाय करावेत. मग कामाची पद्धत व प्रशिक्षण. आणि सर्वात शेवटी माणसाच्या अंगावरची साधने. फेस शील्ड या क्रमात शेवटच्या पायरीवर आहे. याचा अर्थ ती अनावश्यक आहे असा नव्हे. वरच्या पायऱ्या चुकल्या तर ती एकटी पुरी पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या हातातील अँगल ग्राइंडरचे चाक १०० मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. चाक फुटले तर तुकडा याच वेगाने सुटतो. तुकडा २५ ग्रॅमचा आहे असे धरले, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४२ जूल भरते.

आता ढालीची कसोटी पाहू. युरोपात दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या ईएन १६६ या मानकात सुमारे ०.८६ ग्रॅम वजनाची, ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी साधनावर मारून पाहिली जाते. सुरक्षा चष्म्यासाठी या गोळीचा वेग सेकंदाला ४५ मीटरपर्यंत, गॉगलसाठी १२० मीटरपर्यंत आणि सर्वात मजबूत फेस शील्डसाठी १९० मीटरपर्यंत असतो. १२० मीटर वेगाच्या गोळीची ऊर्जा सुमारे ६ जूल, तर १९० मीटर वेगाच्या गोळीची सुमारे १५ जूल होते. म्हणजे उडणारे बारीक कण, कीस व खडे यांपासून चांगली ढाल भरवशाचे रक्षण करते; परंतु फुटलेल्या चाकाचा मोठा तुकडा सर्वात मजबूत ढालीच्या कसोटीपेक्षाही कितीतरी अधिक ऊर्जा घेऊन येऊ शकतो. त्याला अडवण्याचे काम चाकावरील लोखंडी आवरणाचे आहे. मोठे चाक बसावे म्हणून किंवा कोपऱ्यात हात पोहोचावा म्हणून हे आवरण काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. आवरण काढून ढाल लावणे म्हणजे घराची भिंत पाडून दाराला कुलूप लावण्यासारखे आहे.

दुसरी मर्यादा ढालीच्या आकारातच आहे. ती चेहऱ्यापासून काही अंतरावर असते आणि खालून व बाजूंनी उघडी असते. कण सरळ रेषेत येतोच असे नाही. तो छातीवर आदळून, भिंतीवरून परतून किंवा मान वळवताच कडेने आत शिरू शकतो. शिवाय काम पाहण्यासाठी कामगार ढाल वर करतो, त्या क्षणी डोळे पूर्णपणे उघडे पडतात. या कारणास्तव फेस शील्ड हे दुय्यम संरक्षण मानले जाते आणि तिच्या आत सुरक्षा चष्मा किंवा गॉगल घालणे अनिवार्य समजले जाते. चष्मा डोळ्यांसाठी, ढाल चेहऱ्यासाठी, हे सूत्र लक्षात ठेवले तरी निवडीतील निम्मी चूक टळते.

तिसरी मर्यादा श्वासाची. ढाल ही श्वसनरक्षक मुखवट्याची जागा घेऊ शकत नाही. गुजरातमधील खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत आणि मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिलींच्या उद्योगात सिलिकोसिसने जो कहर केला, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीमुळे. ही धूळ ढालीच्या कडेने सहज आत जाते.

धोका आधी, साधन नंतर

निवडीचा प्रारंभ दुकानातील मांडणीपासून न होता कामाच्या जागेपासून झाला पाहिजे. चेहऱ्याकडे काय येऊ शकते, हा पहिला प्रश्न. त्याची उत्तरे स्थूलमानाने पाच प्रकारची असतात.

उडणारे कण हा पहिला प्रकार. कोल्हापूर, कोइमतूर, राजकोट, बटाला, हावडा या फाउंड्रीच्या केंद्रांत ओतीव वस्तूंच्या कडा घासून साफ करण्याचे काम, तसेच लेथ, ड्रिल, सुतारकाम व दगडकाम यांत हा धोका असतो. येथे आघात सोसणारे पॉलिकार्बोनेटचे पटल योग्य ठरते. झाडे तोडणे, फांद्या छाटणे यांसारख्या कामांत, जेथे उष्म्यामुळे प्लास्टिकवर बाष्प धरते, तेथे तारेच्या जाळीची ढाल सोयीची असते. मात्र जाळीतून बारीक कण व द्रव आत येतात. वितळलेला धातू आणि वीज यांच्या कामात जाळीची ढाल वापरू नये.

द्रवाचे शिंतोडे हा दुसरा प्रकार. मुरादाबादची पितळकामे, अलीगढची कुलुपे किंवा लुधियानाचे सायकलचे भाग यांवर मुलामा चढवताना आम्ले व क्षार हाताळावे लागतात. येथे आघातापेक्षा रसायनाला टिकणे महत्त्वाचे असते. ढालीच्या आत चारी बाजूंनी बंद आणि हवेची छिद्रे आडवळणाची असलेला गॉगल हवा, कारण द्रव कपाळावरून ओघळत डोळ्यांत जातो. ढाल हनुवटीच्या खालपर्यंत आणि वर कपाळाशी बंद असावी. याखेरीज हाताशी वाहत्या स्वच्छ पाण्याची सोय असणे तितकेच आवश्यक आहे. डोळ्यात रसायन गेल्यास तत्काळ किमान १५ मिनिटे डोळा धुवत राहावे आणि मगच रुग्णालयाकडे निघावे.

उष्णता आणि वितळलेला धातू हा तिसरा प्रकार. फाउंड्रीत रस ओतताना उडणाऱ्या ठिणग्यांसाठी त्या कामाकरिताच प्रमाणित केलेले पटल लागते. ईएन १६६ मध्ये त्यासाठी ९ हा अंक खुणेदाखल दिला आहे. भट्टीतून येणारे अवरक्त किरण ही वेगळी बाब आहे. ते दिसत नाहीत, त्यांची जाणीव केवळ ऊब म्हणून होते. परंतु वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर काम केल्याने डोळ्याच्या भिंगाला मोतीबिंदू होतो. काच कारागिरांमधील हा विकार वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांसमोर बसणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. साधे पारदर्शक पटल हे किरण पुरेसे अडवीत नाही. त्यासाठी अवरक्त किरण शोषणारे रंगीत किंवा ते परतवणारे, धातूचा अतिशय पातळ थर दिलेले पटल घ्यावे लागते.

प्रखर प्रकाश व अतिनील किरण हा चौथा प्रकार, म्हणजेच वेल्डिंग. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते. पण त्यावरून साध्या पारदर्शक ढालीआडून वेल्डिंग करता येते असा निष्कर्ष काढणे घातक आहे, कारण दृश्य व अवरक्त किरण तीतून तसेच पार जातात. वेल्डिंगसाठी क्रमांकित काळी काच लागते. गॅस कटिंगला साधारणतः ३ ते ६, गॅस वेल्डिंगला ४ ते ८ आणि विजेच्या आर्क वेल्डिंगला प्रवाहानुसार साधारणतः १० ते १४ क्रमांकाची काच सुचवली जाते. वेल्डिंग करणाऱ्याइतकाच धोका त्याच्या मदतनिसाला आणि शेजारी काम करणाऱ्याला असतो. त्यांचे डोळे काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्याप्रमाणे खुपू लागतात. त्यांच्यासाठी वेल्डिंगभोवती आडपडदा लावणे हाच खरा उपाय होय.

विजेचा स्फोटक आर्क हा पाचवा प्रकार. चालू विद्युत पॅनेलवर काम करताना शॉर्टसर्किट झाल्यास अत्यंत तीव्र उष्णतेचा झोत चेहऱ्यावर येतो. यासाठीच्या ढालीवर ती प्रति चौरस सेंटिमीटर किती कॅलरी उष्णता सोसते हे नोंदलेले असते. कार्यशाळेतील साधी ढाल येथे कामाची नाही. तथापि, शक्य तेथे वीज बंद करूनच काम करणे ही याबाबतीत पहिली पायरी आहे.

एकाच माणसाला दिवसभरात दोन-तीन प्रकारची कामे करावी लागतात, ही लहान कारखान्यांची वस्तुस्थिती आहे. अशा वेळी सर्व कामांना चालेल अशी एक ढाल शोधण्यापेक्षा एकाच शिरोबंधावर बदलता येतील अशी निरनिराळी पटले घेणे अधिक शहाणपणाचे व स्वस्तही ठरते.

पटल आणि त्यावरील खूण

पटलाचे द्रव्य डोळ्यांना ओळखता येत नाही, हीच निवडीतील मुख्य अडचण आहे. पॉलिकार्बोनेट आघाताला सर्वात चांगले. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि ॲसिटोनसारख्या काही द्रावकांनी ते चिरते. ॲसिटेट प्रकारची पटले अनेक रसायनांना अधिक टिकतात व स्वच्छ दिसतात. परंतु आघाताला तुलनेने कमकुवत असतात. तिसरा प्रकार म्हणजे पातळ पॉलिएस्टर पत्रा. २०२० साली कोविडच्या साथीत अशा पातळ पत्र्याच्या ढालींनी बाजारपेठा भरून गेल्या. खोकल्यातील तुषार अडवणे हे त्यांचे काम होते आणि त्या कामापुरत्या त्या योग्यच होत्या. परंतु नावही तेच आणि रूपही तसेच असल्यामुळे अशी ढाल लावून ग्राइंडरवर बसण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. उडणाऱ्या कणांना ती अडवू शकत नाही. तिच्यामुळे कामगाराला मिळतो तो केवळ सुरक्षिततेचा आभास, आणि आभासामुळे माणूस धोक्याच्या अधिक जवळ जातो.

म्हणून खूण पाहणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ८५२१ हे मानक औद्योगिक फेस शील्डसाठी आहे. त्याचा पहिला भाग प्लास्टिकच्या आणि दुसरा भाग तारेच्या जाळीच्या पटलांविषयी आहे. डोळ्यांच्या रक्षकांसाठी आयएस ५९८३, वेल्डिंगच्या साधनांसाठी आयएस ११७९ आणि डोळे, चेहरा व कान यांच्या संरक्षक साधनांच्या निवडीच्या मार्गदर्शनासाठी आयएस ८५२० अशी मानके आहेत. आयात मालावर अमेरिकन मानकाची झेड ८७ ही खूण आढळते. तिच्यापुढे अधिकचे चिन्ह असल्यास ते साधन मोठ्या आघाताच्या कसोटीस उतरले आहे असा अर्थ होतो. खूण केवळ खोक्यावर असून भागत नाही. ती पटलावर आणि शिरोबंधावर असावी, कारण पटल बदलले जाते आणि खोके फेकले जाते.

जी ढाल घातली जाते तीच चांगली

सर्व कसोट्यांना उतरलेली ढाल खुंटीला टांगलेली राहिली तर तिचे संरक्षणमूल्य शून्य होय. आपल्या देशातील उष्मा, पावसाळ्यातील दमटपणा आणि शेडमधील अपुरा उजेड यांचा विचार न करता निवडलेली साधने बहुधा याच गतीला जातात. ढालीवर बाष्प धरले की कामगार ती वर सरकवतो, हा हटवादीपणा नसून दिसत नसताना काम न करण्याचा शहाणपणाच असतो. यावर उपाय म्हणजे बाष्परोधक लेप असलेले पटल, ढाल व चेहरा यांमध्ये पुरेशी हवा आणि कामाच्या जागी पंखा व दिवा.

बसण्याच्या बाबतीत चार गोष्टी तपासाव्यात. शिरोबंध डोक्याच्या घेराप्रमाणे मागील चक्रीने घट्ट-सैल होतो का? ढाल वर केली असता तेथेच राहते, की मान हलताच खाली पडते? पटल हनुवटीच्या खाली आणि कानांपर्यंत पोहोचते का? आणि आत नंबरचा चष्मा व गॉगल मावतो का? चाळिशी ओलांडलेल्या कारागिरांच्या बाबतीत शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पंजाबातील फाउंड्र्यांत पगडी बांधणारे कारागीर असतात. त्यांच्यासाठी मोठ्या घेराचा शिरोबंध लागतो. हेल्मेट वापरण्याच्या जागी हेल्मेटलाच जोडली जाणारी ढाल घ्यावी. ओढणी वा पदर डोक्यावरून घेऊन काम करणाऱ्या स्त्रियांसाठीही हाच विचार करावा लागेल. मात्र फिरत्या यंत्राजवळ सैल वस्त्र हा स्वतंत्र धोका असतो, याचे भान ठेवले पाहिजे.

निगा ही निवडीचाच भाग होय. पटल साबणाच्या पाण्याने धुवावे. कोरड्या चिंधीने पुसल्यास त्यावरील कीसच ओरखडे पाडतो. थिनर वा पेट्रोल वापरू नये. ढाल पटलाच्या बाजूने टेबलावर पालथी ठेवू नये. ओरखड्यांनी धूसर झालेले, चिरलेले किंवा एखादा मोठा आघात सोसलेले पटल वरून धड दिसले तरी बदलावे. पटल ही झिजून संपणारी वस्तू आहे आणि तिची खरेदी ग्राइंडिंगच्या चाकाच्या खरेदीबरोबरच व्हायला हवी.

खर्च कोणाचा, नुकसान कोणाचे

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता प्रश्न असा पडतो, की एवढे स्वस्त साधन असूनही त्याचा वापर इतका कमी का? एक उदाहरण घेऊ. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील सूत्र सामाजिक सुरक्षा संहितेतही पुढे चालू ठेवण्यात आले आहे. त्यानुसार कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. ३० वर्षे वयासाठी हा गुणक २०७.९८ आहे. वेतन १५,००० रुपये धरल्यास ही रक्कम १८,७१,८२० रुपये होते. दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के मानली जाते. म्हणजे भरपाई ५,६१,५४६ रुपये. डोळाच गमवावा लागल्यास हानी ४० टक्के, म्हणजे ७,४८,७२८ रुपये.

आता प्रमाणित ढाल, गॉगल आणि बदलावी लागणारी पटले यांवर एका कामगारामागे वर्षाला २,००० रुपये खर्च होतो, असे गृहीत धरू. एका डोळ्याच्या दृष्टीच्या भरपाईत २८० कामगारांना वर्षभर ही साधने पुरवता येतील. म्हणजे २८० कामगारांत वर्षाला असा एक अपघात टळला तरी, केवळ भरपाईचा विचार करता, खर्च वसूल होतो. शिवाय उपचार, बुडालेली मजुरी, रखडलेले उत्पादन, नव्या माणसाचे प्रशिक्षण आणि कुटुंबाची होणारी परवड यांचा समावेश या हिशेबात नाहीच. भरपाईची रक्कम ही डोळ्याची किंमत नव्हे, हे तर निराळे सांगायला नको.

मग हा सौदा फायद्याचा असूनही होत का नाही? याची तीन कारणे संभवतात. पहिले असे, की खर्च करणारा आणि नुकसान सोसणारा एक नसतो. ज्या शेडमध्ये नेमणूकपत्र नाही, तेथे भरपाईचा दावा सिद्ध करणे कठीण जाते आणि नुकसान कामगाराच्या घरावर व सरकारी रुग्णालयावर पडते. कर्मचारी राज्य विमा योजनेत समाविष्ट असलेल्या आस्थापनांत कामगाराला लाभ निश्चित मिळतो, ही मोठी जमेची बाजू आहे. पण तेथे वर्गणीचा दर सर्वांना सारखाच असल्याने अपघात टाळणाऱ्या मालकाला वेगळा आर्थिक लाभ होत नाही. दुसरे कारण माहितीच्या विषमतेचे. ग्राहकाला दोन पटलांतील फरक दिसत नाही, भावातील फरक मात्र दिसतो. त्यामुळे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. प्रमाणचिन्हाचे आर्थिक महत्त्व येथेच आहे. तिसरे कारण नगावर मिळणाऱ्या मजुरीचे. ढाल पुसण्यात, सावकाश काम करण्यात जाणारा वेळ कामगाराच्या मजुरीतून वजा होतो. अशा ठिकाणी ढाल फुकट दिली तरी ती घालण्याची किंमत कामगारच मोजत असतो. त्याला निष्काळजी म्हणून दोष देण्याआधी मजुरीची पद्धत तपासणे न्याय्य ठरेल.

काय करता येईल

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. एकट्या शेडमालकाला चार ढाली घेताना दर्जाची खात्री करून घेणे परवडत नाही. परंतु औद्योगिक वसाहतीतील संघटनेने वा सहकारी संस्थेने एकत्र खरेदी केल्यास प्रमाणित माल, सुटी पटले आणि रास्त भाव या तिन्ही गोष्टी साधतात. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या समूह विकास कार्यक्रमातून सामायिक सुविधा केंद्रे उभी राहतात. तेथे सुरक्षासाधनांची छोटी पेढी असणे सहज शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर व फिटर यांना यंत्राबरोबरच साधनाची निवड शिकवली गेली, तर हे ज्ञान निरीक्षक न पोहोचणाऱ्या शेडपर्यंत त्यांच्यासोबत जाईल. मुंबईतील केंद्रीय श्रम संस्था, चेन्नई, कानपूर, कोलकाता व फरिदाबाद येथील प्रादेशिक श्रम संस्था आणि १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांच्याकडील अनुभवाचा उपयोग यासाठी करून घेता येईल. दरवर्षी ४ मार्चला साजरा होणारा राष्ट्रीय सुरक्षा दिन शपथेपुरता न ठेवता त्या दिवशी प्रत्येक शेडमधील पटले तपासून बदलण्याचा परिपाठ पडला, तर त्या दिवसाचे सार्थक होईल.

मालकांनी एक साधी पद्धत अवलंबावी. कामांची यादी करावी. प्रत्येक कामासमोर चेहऱ्याकडे काय येऊ शकते ते लिहावे. आधी यंत्राचे आवरण व आडपडदा जागेवर आहे का ते पाहावे. मग त्या धोक्यासाठी प्रमाणित अशा दोन-तीन ढाली आणून आठवडाभर कामगारांनाच वापरून पाहू द्याव्यात आणि त्यांच्या पसंतीने निवड करावी. ज्याने निवडले तो वापरतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नगाचा दर ठरवताना ढाल घालून काम करण्यास लागणारा वेळ हिशेबात धरावा.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिस्थितीचा समावेश कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत केला. हक्काची भाषा मोठ्या सभागृहांत ठरते. तिची अंमलबजावणी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, ग्राइंडर सुरू करण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात व्हायची असते. त्या अर्ध्या मिनिटात यंत्रावर आवरण, डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यापुढे योग्य ढाल असेल, तर कौशल्याचे ते भांडवल कारागिराजवळ व देशाजवळ सुरक्षित राहील.